चंद्रकांताच्या दुकानातले पासवर्ड

साकोलीच्या बसस्टँडसमोर चंद्रकांता सोनकुसरे हिचं ऑनलाइन सेंटर आहे आणि मी तिथला कायमचा बसणारा आहे. एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून सगळी नोकरी याच स्टँडवर काढली. भंडारा जिल्हा तुटला, गोंदिया वेगळा झाला, तेव्हा अर्ध्या गाड्यांच्या पाट्या नि वेळा मीच बदलून घेतल्या. आता निवृत्त झालोय, पण पाय इकडेच वळतात. स्टँडवर मला कोणी विचारत नाही, म्हणून समोर चंद्रकांताच्या दुकानात खुर्ची धरून बसतो, पेपर वाचतो आणि येणाऱ्याजाणाऱ्यांवर वैतागतो. ती मला काकाजी म्हणते आणि माझं वैतागणं मनावर घेत नाही.

चंद्रकांताचं माहेर आंधळगावचं, कोष्ट्याचं घर. तिच्या बापाचा हातमाग होता. तुटलेलं सूत फेकायचं नाही, गाठ मारून वापरायचं, आणि ताणा मागावर चढवण्याआधी एकेक धागा बोटाखालून काढायचा, हे तिनं लहानपणापासून पाहिलेलं. लग्न होऊन साकोलीला आली, नवरा तुमसरला राइस मिलमध्ये लागला आणि सुटीपुरता घरी येऊ लागला, तेव्हा हिनं एकटीच्या हिमतीवर हे दुकान उभं केलं. माग सुटला, पण सवयी सुटल्या नाहीत. दुकानात चुकलेली प्रिंट कधी फेकली जात नाही. पाठकोरा कागद खोक्यात जातो आणि त्याच्या मागच्या बाजूवर पुढची कच्ची प्रिंट निघते. दोन्ही बाजू भरल्या की गठ्ठा संध्याकाळी शेजारच्या डोमाच्या टपरीवर जातो. डोमा त्यात आलूबोंडे बांधून देतो आणि कागदाच्या बदल्यात चंद्रकांताला घाण्यातले पहिले भजे पाठवतो. मीही त्यातले खातो, खोटं कशाला बोलू.

आता पासवर्डचं सांगतो. आमच्याकडे माणसाला स्वतःचा पासवर्ड माहीत नसतो. धानाची नोंदणी असो, सातबारा असो, पोराची स्कॉलरशिप असो, खातं चंद्रकांता उघडते, पासवर्ड चंद्रकांता ठरवते आणि तो तिच्या कम्प्युटरमध्ये राहतो. काही शिकलेली पोरं आपला आपण टाइप करतात, पण तोही तिथेच साठतो. विचारलं की लोक म्हणतात, "तो बाईकडं हाय." घराची किल्ली शेजारी ठेवून शेतावर जावं, इतक्या सहज म्हणतात. मला याचा भयंकर राग यायचा. एकदा मी तिला म्हटलं, "अवो, उद्या तुझी नियत फिरली तर अर्धा तालुका तू विकून खाशीन." ती हसली आणि म्हणाली, "माही नियत फिरली तर तुमी हाय ना इथं बसून, काकाजी."

माझा पेन्शनचा पासवर्डही तिच्याकडेच होता, हे मी तेव्हा बोललो नाही.

त्या पावसाळ्यात एका दुपारी मनकर्णाबाई कापगते आपल्या पोरीला घेऊन दुकानात आली. तलावापलीकडच्या गावची ही बाई, धानाची शेती, स्वभावानं गरीब. पोरगी उर्वशी नुकतीच बारावी चांगल्या मार्कांनी पास झालेली. तिला नर्सिंगला जायचं होतं आणि फॉर्म भरायचा होता. मनकर्णाबाईनं आधी दाराबाहेर पाहून घेतलं, मग हळूच म्हणाली, "नंबर माहा टाकजा बाई. तिच्या बापाचा टाकू नोका. त्याले सांगतलंच नाई."

बापाला का सांगितलं नाही, हे मला विचारायची गरज नव्हती. कवडू कापगत्याला मी ओळखून होतो. एकदा सकाळची गाडी त्याच्या फाट्यावर थांबली नाही, तर हा गडी दुसऱ्या दिवशी रस्त्याच्या मधोमध उभा राहिला आणि ड्रायव्हरनं खाली उतरून माफी मागितल्याशिवाय हलला नाही. मी मिटवायला गेलो तर माझी टोपी उडवली. मोठ्या पोरीचं त्यानं दहावी होताच लग्न लावून दिलं होतं. धाकटीसाठी लाखांदूरकडचं स्थळ पाहून ठेवलं होतं आणि पोळा झाला की पाहुणे येणार होते. कॉलेजची यादी लागून सीट हातात येईपर्यंत घरात अक्षर काढायचं नाही, असं मायलेकींचं ठरलं होतं. यादी लागल्यावर तरी काय करणार होत्या, ते त्यांचं त्यांना ठाऊक. पण त्याआधी कवडूला कळलं असतं तर फॉर्मही गेला असता आणि पोरगीही, एवढं मात्र आम्हा चौघांना पक्कं माहीत होतं.

फॉर्म भरला. उर्वशी अधूनमधून एकटी यायची, पासवर्ड साठवलेला असला तरी आपल्याच हातानं टाकून खातं उघडून पाहायची आणि पाच रुपयांची एक झेरॉक्स काढल्यासारखं करून निघून जायची.

त्याच महिन्यात चंद्रकांताचा जुना कम्प्युटर अडून बसला. म्हणजे चालायचा, पण त्यातलं जुनं ब्राउझर आता नव्या साइट उघडेना. एक उघडली तर दुसरी पांढरी फटक. नवं ब्राउझर त्या कम्प्युटरवर चढेना. शेवटी तिनं भंडाऱ्याच्या संजीवकडून नवा कम्प्युटर घेतला. हा संजीव कम्प्युटर विकतो आणि फोनवरून अक्कलही विकतो, पण अक्कल चांगली असते. त्यानं तिला सांगितलं, "बाई, जुन्या ब्राउझरात सेटिंगमंधी जा. सारे पासवर्ड एका फाइलीत निंघतात. ते फाइल पेनड्राइव्हनं नव्यात टाका अन् नव्या ब्राउझरले मना, आत घे. झालं का लगेच फाइल पुसून टाका. पेनड्राइव्हातून, दोन्ही कम्प्युटरातून, कचरापेटीतूनबी. कोनाले व्हॉट्सॲपवर पाठवू नोका. ते फाइल मंजे उघडी तिजोरी हाय."

चंद्रकांतानं फाइल काढली तेव्हा मी शेजारीच होतो. ब्राउझरनं आधी ताकीद दिली की ही फाइल ज्याला दिसेल त्याला पासवर्ड वाचता येतील. तिनं हो म्हटलं, फाइल उघडली आणि मी खुर्चीतून उठलोच. मला वाटत होतं की पासवर्ड म्हणजे ते काळे ठिपके. आत कुठेतरी, मशीनलाच कळेल अशा भाषेत काहीतरी असेल. इथे तर डाव्या बाजूला साइट, मध्ये नाव आणि उजव्या बाजूला पासवर्ड, सरळ, ढळढळीत, अख्ख्या तालुक्याचे. सरपंचाचा एक ते आठ आकडे. एका मास्तराचा त्याच्या बैलाच्या नावाचा. आणि खाली माझं नाव, त्यापुढे माझा पासवर्ड, जो मी स्वतः आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो.

"हे असं असते?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता. "हे सारं असं उघडं असते?"

"मले काय माहीत, काकाजी," चंद्रकांता म्हणाली. तिचाही चेहरा उतरला होता. "मीबी आजच पाहून राहिली."

पुढचं काम तिनं फार काळजीनं केलं, हे मला सांगितलंच पाहिजे. पेनड्राइव्हनं फाइल नेली, नव्या ब्राउझरमध्ये आत घेतली, सगळीकडून पुसली, कचरापेटी रिकामी केली. संजीवनं सांगितलेलं एकही काम चुकवलं नाही. तिनं चूक केली ती संजीवच्या स्वप्नातही आली नसती. फाइल पुसण्याआधी तिनं तिची प्रिंट काढली. कारण ताणा एकेक धागा पाहून घेतल्याशिवाय मागावर चढवायचा नाही. इतक्या लोकांचे पासवर्ड नव्या घरात नीट पोचले की नाहीत, हे पाहिल्याशिवाय तिला चैन पडेना. दिवसभर गिऱ्हाईक सांभाळत ती हातात पेन घेऊन एकेका ओळीवर खूण करत होती. पानांवर तिनं आकडेही टाकले होते. आणि प्रिंट अर्थातच तिनं खोक्यातल्या पाठकोऱ्या कागदावर काढली होती. एका बाजूला कोणाचा तरी चुकलेला उत्पन्नाचा दाखला, दुसऱ्या बाजूला तालुक्याच्या किल्ल्या.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. संध्याकाळी डोमानं हाक मारली, "बाई, कागद द्या व, बोंडे कायच्यात बांधू?" चंद्रकांतानं एका हातानं कोणाचा अंगठा मशीनवर दाबून धरला होता. दुसऱ्या हातानं तिनं टेबलावरचा गठ्ठा उचलून दिला. वरून दिसत होता तो उत्पन्नाचा दाखला.

सकाळी मी डोमाकडे गेलो. पहिला घाणा नुकताच निघाला होता. डोमानं कागदावर दोन बोंडे आणि मिरची ठेवून माझ्या हातात दिली. मी पहिला बोंडा संपवला, दुसरा उचलला आणि कागदावर तेलाच्या डागात माझं नाव दिसलं. पुढे माझा पासवर्ड. त्याच्यापुढे चंद्रकांतानं केलेली निळी खूण.

बोंडा घशात अडकला. मी डोमाला काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि त्या बिचाऱ्याची काही चूकही नव्हती. तो आपला झारा हातात धरून माझ्याकडे पाहत राहिला. मी त्याच्या फळीवरचा उरलेला गठ्ठा ओढला आणि तसाच शेजारी दुकानात गेलो. चंद्रकांता नुकतीच शटर वर करून उदबत्ती लावत होती. मी कागद तिच्यासमोर धरला. तिनं तो पाहिला, टेबलाकडे पाहिलं आणि मटकन खाली बसली. मग म्हणाली, "काकाजी, मी माह्या हातानं देल्ली. माह्या हातानं."

मला तिच्यावर ओरडायचं होतं. पण तिच्याकडे पाहून ओरडवलं नाही.

आम्ही पानं लावली. डोमाला कागद मिळाला तेव्हा बाजार उठत आला होता, म्हणून बहुतेक गठ्ठ्यातच होती. टपरीच्या डब्यातून दोन चुरगळलेली निघाली, ती तिनं मांडीवर सरळ केली. एक पान कमी होतं. चंद्रकांतानं नव्या कम्प्युटरवर यादी उघडून वरून खाली बोट फिरवलं आणि एका जागी थांबली.

"उर्वशीचं हाय," ती म्हणाली.

डोमाला बोलावलं. त्याला आठवायला वेळ लागला नाही. बाजाराच्या दिवशी तलावापलीकडे बोंडे बांधून नेणारा माणूस एकच. "कवडूभाऊच नेल्ला ना," तो म्हणाला. "घरच्यासाठी. वरचाच कागद होता."

गेल्या काही दिवसांत मला पुष्कळ धक्के बसले होते, पण साऱ्या साकोलीत तो कागद नेमका कवडूच्या हातात पडावा, याला काय म्हणावं? नावासमोर नर्सिंगची साइट छापलेली. सातवी शिकलेला माणूस, खताच्या पोत्यांवरचं इंग्रजी वाचून घेतो, पोरीचं नाव त्याला वाचता येणार नाही? कोणत्याही दुसऱ्या सेंटरवर जाऊन कागद पुढे केला असता, तर खातं उघडलं असतं. पसंतीची कॉलेजं भरायची मुदत तोंडावर होती. फॉर्म मागे घ्यायचा तर एक कोड मनकर्णाबाईच्या फोनवर येणार, आणि तो फोन त्याच घरात, खुंटीला टांगलेला.

चंद्रकांतानं पासवर्ड बदलायला घेतला. त्यालाही तोच कोड लागत होता. तिनं मनकर्णाबाईला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

"काहून उचलून नाई राहिली?" ती माझ्याकडे पाहून विचारत होती, जणू मला माहीत असावं. मग तिनं उदबत्ती विझवली, शटर ओढलं आणि म्हणाली, "गाडी काढा काकाजी. आधी उर्वशी. बाकी सारे आल्यावर. एकेकाले फोन करून सांगीन अन् सारेच पासवर्ड बदलवीन, कोनी शिव्या देल्ल्या तरी चालते. पन पोरीचं घर पाहून येऊ द्या."

माझ्या स्कूटरवर आम्ही निघालो. तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून गेलो तेव्हा पाणी काठोकाठ भरलेलं होतं आणि खाली धानाच्या बांध्यांत बाया निंदण काढत होत्या. मनकर्णाबाई त्यांत आहे का म्हणून मी मान वळवून पाहत होतो. मला खरं सांगायचं तर भीती वाटत होती. टोपी उडवणारा माणूस होता तो, आणि या खेपेला आम्ही त्याच्यापासून लपवाछपवी करून त्याच्याच घरी चाललो होतो.

कवडू अंगणातच बसला होता, खाटेवर. हातात तोच कागद. तेलानं आरपार दिसू लागलेला, पण नीट उलगडून, कडा हातानं सरळ केलेला. दारात उर्वशी उभी होती, डोळे सुजलेले. तिच्यामागे मनकर्णाबाई. फोन खुंटीवरच होता, तो कोणी का उचलला नाही हे आता कळलं. घरात कोणी कोणाशी बोलत नव्हतं आणि कोणी जागचं हलत नव्हतं.

चंद्रकांता पुढे झाली. तिनं काही तयारी केली नव्हती. "कवडूभाऊ, चूक माही हाय," ती म्हणाली. "हा कागद माह्या दुकानातून गेला. फारमबी मीच भरला. पोरीले काई बोलू नोका, मले बोला."

कवडूनं मान वर केली. मला वाटलं, आता उठतो. तो उठला नाही.

"बसा बाई," तो म्हणाला. त्यानं कागद तिच्यापुढे केला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "हे इंग्रजी हाय. काल संध्याकाळपासून एकेक अक्षर जुळवून राहिलो. मले बरोबर वाचता आलं का नाई, तुमी वाचून सांगा."

चंद्रकांतानं त्या ओळीवर परवा खूण केली होती. पण खूण करताना माणूस अक्षरं जुळतात का ते पाहतो, वाचत नाही. तिनं आता वाचलं आणि तिचा हात तोंडावर गेला. मी वाकून पाहिलं. उर्वशीनं आपला पासवर्ड आपणच टाकला होता. इंग्रजी अक्षरं, सगळी एकमेकांना चिकटवलेली, शेवटी एक आकडा.

"वाचा ना," कवडू म्हणाला.

"बाबा," चंद्रकांता वाचू लागली आणि थांबली. "बाबा, रागावू नोका."

मी सगळं आयुष्य माणसांच्या गर्दीत काढलं, रोज भांडणं पाहिली, अपघात पाहिले. पण एका पोरीच्या पासवर्डसमोर असा माणूस बसलेला मी पाहिला नव्हता.

"मंजे बरोबरच वाचलो," कवडू म्हणाला. मग विचारलं, "हे एकदाच लिवा लागते का?"

"नाई," चंद्रकांता म्हणाली. "खातं उघडतेवेळी दरखेप."

"दरखेप?"

"हो. ते जवा जवा आली, तवा तवा हेच लिवून उघडली असन."

कवडूनं दाराकडे पाहिलं. उर्वशीनं मान खाली घातली. तो बराच वेळ पाहत राहिला, जणू इतक्या दिवसांत ही पोरगी त्याच्या समोर कधी आलीच नव्हती. तो विचारत होता आपल्यालाच की आम्हाला, कळलं नाही, पण म्हणाला, "एवढा रागीट हाव का गा मी?"

याचं उत्तर द्यायचा हक्क माझा होता, पण मी नुसती डोक्यावरची टोपी सारखी केली.

"शेवटची तारीख कवा हाय?" त्यानं विचारलं.

"उद्या."

तो उठला. आत जाऊन खुंटीवरचा फोन काढून आणला आणि उर्वशीच्या हातात दिला. मग कागदाची घडी घातली, चंद्रकांताला परत देण्यासाठी हात पुढे केला, आणि हात मागे घेऊन ती घडी आपल्याच खिशात ठेवली.

"हा पासवर्ड आता बदलवा, बाई," तो म्हणाला. "पोरीले मना, दुसरं काई लिव. हे मले पोचलं."